पान एकेचाळीस

सीएकडं नोकरी लागल्यावर पहिल्याच रविवारी
मी बाबांच्या दुकानाचा हिशेब मांडायला बसले.
इंदूर, खजुरी बाजार, जिन्याखालची सहा बाय नऊची जागा.
पाटीवर ‘नवगिरे बाइंडिंग’,
दोनांतला एक अनुस्वार कधीच उडालाय.

म्हटलं, एक पुस्तक धरू. चारशे पानांचं. सांगा.

पुठ्ठा बावीस.
पाठीचं बकरम चौदा, अस्तराचा कागद सहा.
दोरा?
बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवले,
म्हणाले, असा सात-आठ वेळा.
मी लिहिलं: तीन रुपये.
सरस आणि खळीचा मैदा मिळून पाच.
खळ घरचीच, चिमूटभर मोरचूद घालून
आई ढवळते, पोळ्या झाल्या की त्याच तव्याच्या आचेवर.
मैदा मांडला. गॅस राहिला.
आई तर राहिलीच.

आता वेळ.
“वेळ कसला?”
जुनी शिवण उसवायची, जुज सुटे करायचे,
फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या,
पाठीवर करवतीच्या पाच खाचा,
शिवायचं, पाठ ठोकून गोल करायची,
मग रात्रभर दाबणीत.
दाबणीतली रात्र धरायची का, मी विचारलं.
“तेव्हा तर आपण झोपलेलो असतो.”

साडेतीन तास, मी लिहिलं.
एकशे ऐंशीतून सामान वजा जाता
तासाला सदतीस रुपये, चौदा पैसे.
पेन्सिलीनं लिहिलं, फिकट.
समोरच्या पार्किंगवाल्याकडं
दोन स्कूटर नुसत्या उभ्या राहिल्या तरी चाळीस होतात.

गिऱ्हाईक म्हणतं, “भिया, इत्ते में तो नई आ जाएगी.”
येते. बाबाच सांगतात, घ्या मग नवी.
ती नवी दीड वर्षात परत येते, पिशवीतून,
पत्त्यांच्या कॅटासारखी सुटी.
बाबांनी शिवलेलं मात्र
एकही कधी परत आलेलं नाही.
मी म्हटलं, हा काय धंदा झाला?
जरा ढिलं शिवलं तर...
त्यांच्या हातातला दाभण थांबला नाही.
नुसतं बघितलं माझ्याकडं,
लहानपणी ताटात भात टाकला की बघायचे तसं.

थिसिस गेले. मे महिन्यात काळ्या रेक्झिनवर
सोनेरी अक्षरांसाठी पोरं जिन्यात बसून राहायची,
आता पीडीएफ.
दिवाळीच्या लाल वह्या गेल्या.
राहिलं एक रजिस्टर, सियागंजातल्या पोरवालांचं,
उधारीचं.
पुठ्ठा, बकरम, रेक्झिन, आमचं सगळं त्यांच्याकडनंच येतं.
दर वर्षी ते बाबाच शिवतात,
मजुरी हातात येत नाही, बाकीतून वळती होते.

पगार झाल्यावर दोन हजार घेऊन मी गेले.
पोरवालांनी रजिस्टर उघडलं
आणि ते सपाट पडलं,
कुठलं वजन ठेवावं लागलं नाही.
पान एकेचाळीस. नवगिरे. बाकी अकरा हजार सहाशे चाळीस.
सोळा पानांचा जुज, म्हणजे हा तिसऱ्याचा मध्य,
इथंच तेवढा दोरा दिसतो.
आणि समोर, पान चाळीसवर,
यासीन जिल्दसाज, बंबई बाजार.
त्यांचीही बाकी, आमच्याहून थोडी जास्त.
दोन्ही पानं एकाच कागदाची,
घडीत मेण लावलेले पांढरे टाके.

मी नखानं जरा ओढून पाहिला.
पोरवाल नोटा मोजता मोजता म्हणाले,
“छोड़ो बेटी, तुम्हारे पापा का काम है.”